उत्तरपत्रिका दिसते, गुण बदलत नाहीत

परीक्षेच्या निकालाविरुद्ध विद्यार्थी न्यायालयात गेला की विद्यापीठाचा वकील बहुधा १९८४ च्या निकालाचा आधार घेतो. उत्तरपत्रिका दाखवण्यास आणि फेरमूल्यमापनास मनाई करणारे महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाचे नियम मुंबई उच्च न्यायालयाने अवैध ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा फिरवला. शैक्षणिक बाबतीत योग्य काय, हे अनुभवी तज्ज्ञांनी ठरवावे आणि तेथे न्यायालयाने आपले मत लादू नये, असे न्या. बाळकृष्ण एराडी यांच्या निकालपत्राचे सूत्र होते.

सूत्र निराधार नव्हते. प्रत्येक गुणावर दावा उभा राहिला तर निकालाला अंतिमताच उरणार नाही. परंतु गुण किती द्यावेत आणि ते कशावर दिले हे विद्यार्थ्याने पाहावे की नाही, हे दोन भिन्न प्रश्न त्या निकालात एकाच गाठोड्यात बांधले गेले. ती गाठ सोडवली संसदेने. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या आधारे ऑगस्ट २०११ मध्ये न्या. रवींद्रन यांच्या खंडपीठाने स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. फेरमूल्यमापनाचा मात्र नाही. २०१८ मध्ये लोकसेवा आयोगाच्या उमेदवारांसाठी हे दार पुन्हा अर्धे लोटले गेले : नागरी सेवा परीक्षेचे गुण सरसकट उघड करण्याचा आदेश देता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

उत्तरसूचीच चुकली तर? १९८३ मध्ये कानपूर विद्यापीठाच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी उत्तर उघडउघड चुकीचे असेल तर विद्यार्थ्याला शिक्षा नको, असे ठरवले. योगायोग असा, की जुलै २०२४ मध्ये ‘नीट’च्या एका भौतिकशास्त्राच्या प्रश्नावरून त्यांचेच पुत्र, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठापुढे तोच पेच आला. पीठाने उत्तर स्वतः ठरवले नाही; परीक्षा घेणाऱ्या संस्थेवरही सोडले नाही. दिल्ली आयआयटीच्या तीन तज्ज्ञांकडे प्रश्न सोपवला. त्यांनी दोनांपैकी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ६१ वरून १७ वर आले.

तज्ज्ञांचा मान राखूनही संस्थेला जाब विचारता येतो, हे त्या एका दिवसात दिसले. पण तो लाखो उमेदवारांचा प्रश्न होता. एकट्या विद्यार्थ्याला आजही डिसेंबर २०१७ च्या निकालाला तोंड द्यावे लागते. उत्तर प्रदेशातील शिक्षकभरतीच्या त्या खटल्यात न्या. मदन लोकूर यांच्या खंडपीठाने शंकेचा फायदा उमेदवाराला नव्हे, परीक्षा घेणाऱ्या संस्थेला दिला आहे.