चंदनाचा व्यापार : भारत आणि ऑस्ट्रेलिया

सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना तामलवाडी लागते. तेथील आमच्या चिकित्सालयात गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याने विचारले, "डॉक्टरसाहेब, बांधावर चंदन लावू का? कोटीत पैसा मिळतो म्हणतात." त्याच आठवड्यात एका घाऊक विक्रेत्याकडून आलेले 'श्वेतचंदन' आम्ही सहाणेवर उगाळले, तेव्हा त्याचा गंध क्षणात उडून गेला. हे दोन्ही प्रश्न एकाच मुळाचे आहेत. ते मूळ भारत व ऑस्ट्रेलिया यांच्या चंदनव्यापाराच्या इतिहासात सापडते.

भारतात १७९२ साली टिपू सुलतानाने म्हैसूर राज्यात चंदनास राजवृक्ष ठरविले. पुढे दीर्घकाळ दक्षिणेत खासगी जमिनीतील चंदनही सरकारचेच मानले गेले. व्यापार भरभराटीस आला. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडे जाणारे लाकूड अडकून पडताच म्हैसूर संस्थानाने १९१६ साली स्वतःच तेल काढण्यास प्रारंभ केला. परंतु शेतकऱ्याच्या वाट्यास राखणदारी आणि चोरी झाल्यास चौकशीचा ससेमिरा एवढेच आले. साहजिकच रोप दिसताच उपटून टाकण्याकडे कल झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास वर्षाला सुमारे ४ हजार टन असलेले गाभ्याच्या लाकडाचे उत्पादन शतकअखेर निम्म्यावर आले व पुढेही घसरत राहिले. कर्नाटकाने २००१ व तामिळनाडूने २००२ साली झाडाची मालकी जमीनधारकास दिली. तोवर फार उशीर झाला होता.

ऑस्ट्रेलियाकडे मुळात निराळे झाड होते. आपले चंदन 'सँटॅलम आल्बम', तर पश्चिम ऑस्ट्रेलियातील 'सँटॅलम स्पिकॅटम'. तेथून १८४५ च्या सुमारास निर्यात सुरू झाली. चीनमधील धूपकांड्यांसाठी इतकी तोड झाली की १९२० साली सुमारे १४ हजार टन लाकूड बाहेर गेले. मात्र १९२९ साली तेथे कायदा होऊन तोडीच्या प्रमाणावर मर्यादा आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस कुनुनुरा येथे ऑर्ड नदीच्या पाण्यावर चक्क आपल्या 'आल्बम'च्या व्यापारी बागा उभ्या राहिल्या. आज ऑस्ट्रेलिया जगाच्या चंदनबाजारातील प्रमुख पुरवठादार आहे.

वैद्यांचा संबंध येथे येतो. चरकाचार्यांनी दाहप्रशमन, वर्ण्य, तृष्णानिग्रहण आदी गणांत चंदनाचा समावेश केला आहे. त्या गुणांची अपेक्षा आपण ज्या द्रव्याकडून करतो, ते द्रव्य तेच आहे काय? आंतरराष्ट्रीय मानकानुसार 'आल्बम'च्या तेलात अल्फा सँटॅलॉल ४१ ते ५५ टक्के असावे लागते. 'स्पिकॅटम'च्या तेलात ते १५ ते २५ टक्केच असते. 'स्पिकॅटम' हे निरुपयोगी नव्हे, पण ते शास्त्रोक्त श्वेतचंदनही नव्हे. म्हणून औषधनिर्मात्यांनी बिलावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव व मूळ देश लिहून घ्यावा आणि तेल घेताना सँटॅलॉलचा तपासणी अहवाल मागावा. चंदनासव वा चंदनबलालाक्षादि तेलाच्या वेष्टनावर छापलेल्या शब्दाची जबाबदारी आपलीच आहे.

त्या शेतकऱ्यास आम्ही सांगितले, "लावा, पण कोटीचा हिशेब करू नका." चंदन अर्धपरोपजीवी आहे, शेजारी यजमान झाड हवे, आणि प्रारंभी आपल्या भागातली तूर हे काम उत्तम करते. गाभा भरण्यास पंधरा वर्षे वा अधिक लागतात. सातबाऱ्यावर नोंद आवश्यक आहे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार तोडीस परवानगी लागते. शिवाय ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठी चंदनलागवड कंपनीदेखील २०१८ साली कर्जबाजारी होऊन प्रशासकांच्या हाती गेली, हेही ध्यानात ठेवावे.

एका देशाने उत्तम झाड असून ते लावणाऱ्यास परके केले. दुसऱ्याने दुय्यम झाडाचाही हिशेब ठेवला आणि मग आपले झाड नेऊन रुजविले. आता मालकीची अडचण बव्हंशी दूर झाली आहे. बांधावरच्या चंदनास खात्रीचा ग्राहक मात्र वैद्य व औषधनिर्माते यांनीच व्हावयास हवे. तसे झाले तर सहाणेवरचा गंध टिकेल.