विष मोडणारी माती

एक लिटर टेट्राक्लोरोएथिलीन घ्या. नाव जिभेला जड आहे, पण त्याच्याशी आपला संबंध जुना आहे. ड्रायक्लीनिंगमध्ये कपडे पाण्याऐवजी यात धुतात आणि कारखान्यांत धातूच्या सुट्या भागांवरचं ग्रीसही यानंच काढतात. रंग नाही, वजन मात्र पाण्याच्या दीडपटीहून जास्त. आता समजा, हे लिटरभर द्रव एखाद्या शेडच्या मागं सांडलं. किती पाणी बाटेल?

युरोपात पिण्याच्या पाण्यात या द्रवाची आणि त्याच्या सख्ख्या भावाची, म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीनची, दोघांची मिळून मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. एक लिटर द्रवाचं वजन १.६ किलो, म्हणजे १६० कोटी मायक्रोग्रॅम. भागाकार करा. सोळा कोटी लिटर पाणी! एका बाटलीभर द्रवानं!

आणि ते जातं कुठं? डिझेल सांडलं तर ते झिरपत खाली जातं, पण भूजलापर्यंत पोचलं की पाण्यावर तरंगत राहतं. हे द्रव जड असल्यामुळे पाण्यातून थेट बुडत तळ गाठतं. ठाणे जिल्ह्यातल्या खडवली-टिटवाळ्याच्या मातीखाली आहे बेसाल्टचा काळा कातळ, काही कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला. या कातळात पाणी राहतं ते भेगांमध्ये. विहिरीला झरा लागतो तो अशाच एखाद्या भेगेतून. मग विषाला वाट कुठली? तीच. भेग कुठं वळते हे वरून दिसत नाही, म्हणून सांडलं एकीकडे आणि वास आला भलत्याच विहिरीला, असं होऊ शकतं.

खडवलीला पावसाळ्यात भातसा नदीच्या काठी सहलींची झुंबड उडते. हीच भातसा पुढं पिसेला अडवली जाते आणि मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा तिच्यातून उचलला जातो. आता कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसा. टिटवाळा, आंबिवली, शहाड. मोजक्याच स्टेशनांच्या अंतरात भातखाचरांचा मुलूख संपून रेयॉन आणि रसायनांचा मुलूख सुरू होतो. कल्याणच्या पलीकडे उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत रसायनं ओतली गेली, वायू पसरला आणि उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीतला एक रस्ता चक्क गुलाबी झाला होता. नदीचा वास नाकाला कळतो, रस्त्याचा रंग डोळ्यांना कळतो. जमिनीत मुरलेलं मात्र कुणालाच कळत नाही, आणि नेमकं तेच सगळ्यांत जास्त काळ टिकतं.

किती टिकतं? राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हास खाडीच्या गाळात नळ्या खुपसून उभे नमुने काढले. गाळ थरावर थर साचतो, त्यामुळे वरचा थर अलीकडचा आणि खालचा जुना. प्रत्येक थरातला पारा मोजला की खाडीत तो कधी कमी आणि कधी जास्त येत होता, याचा दशकांचा हिशेब समोर येतो. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरत, त्याची ही नोंद. कारखान्याच्या वह्या हरवतील, गाळाची वही शाबूत आहे!

अशी जमीन साफ करता येते का? या प्रश्नानं युरोपाला खडबडून जागं केलं ते १९८० साली, नेदरलँड्समधल्या लेकरकर्क नावाच्या छोट्या गावात. तिथं नवी कोरी वसाहत उभी होती. बांधकामापूर्वी जुने चर बुजवताना भरावाबरोबर रसायनांची पिंपंही गाडली गेली होती. त्यातली द्रवं प्लास्टिकच्या नळांच्या भिंतींतून आरपार शिरून पिण्याच्या पाण्यात उतरली. अडीचशेहून जास्त कुटुंबांना घरं सोडावी लागली आणि जमिनीतून दीड हजारांवर पिंपं निघाली. तीन वर्षांत, १९८३ मध्ये, डच सरकारनं जमीन साफ करण्याचा कायदा केला.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, अशा जागा फार तर काही शे निघतील. खणू, माती उचलू, जमीन पुन्हा लखलखीत करू. शोध सुरू झाला आणि आकडा लाखांत गेला! आज युरोपीय संघात संशयित जागांचा अंदाज २८ लाख आहे. एवढी माती उचलून ठेवणार कुठं? दुसऱ्याच्या गावात?

या कोंडीतून जो विचार निघाला तो मला कुठल्याही यंत्राइतकाच थक्क करतो. विष बाधतं केव्हा? तीन गोष्टी जुळल्या तर. विषाचा उगम हवा, ते पोचवणारी वाट हवी आणि पलीकडे माणूस, गुरं, पीक किंवा नदी हवी. यातला एक दुवा तोडा, धोका संपतो. बालवाडी बांधायची असेल तर उगमच काढा. गोदाम बांधायचं असेल तर वरून पक्कं आच्छादन घाला, भूजलाची वाट अडवा आणि पाणी तपासत राहा. ब्रिटननं कायदाच या साखळीवर बेतला, डचांनीही नव्वदच्या दशकाअखेर तोच रस्ता धरला. ही पळवाट नव्हे. आच्छादनाखाली विष शिल्लक आहे, ही नोंद पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायची जबाबदारी त्यात आहे, आणि ती सांभाळणारं कुणी नसेल तर हा मार्ग धरूच नये.

उगमच काढायचा तर? लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकसाठी स्ट्रॅटफर्डची जागा निवडली, ती दीडशे वर्षांच्या कारखानदारीनं नासलेली होती. तिथं माती धुण्याची यंत्रं मांडली. माती धुवायची? हो, खरंच! विष मातीच्या सगळ्या कणांना सारखं चिकटत नाही. वाळू-खडीला फार थोडं लागतं, बारीक चिकणकणांना भरमसाट. देशावरच्या काळ्या मातीत असतो त्या माँटमोरिलोनाइटचा एक ग्रॅम घ्या. त्याचे सगळे सूक्ष्म पापुद्रे सुटे करून अंथरले, तर जागा लागेल सुमारे ७०० चौरस मीटर, म्हणजे कबड्डीची पाच मैदानं. चिमटीभर मातीत! एवढ्या पृष्ठभागावर विष न बसलं तरच नवल. म्हणून माती पाण्यानं घुसळायची, चाळायची आणि बारीक गाळ वेगळा काढायचा. विष त्या गाळात गोळा होतं, उरलेली वाळू-खडी परत वापरता येते. स्ट्रॅटफर्डला उकरलेल्या मातीतली ऐंशी टक्क्यांहून जास्त अशी परत वापरली गेली.

पण विष भूजलात उतरलं असेल तर? मग वाट अडवायची, आणि त्यासाठी पुरतो लोखंडाचा कीस. भूजल ज्या दिशेनं सरकतं तिकडे आडवा चर खणायचा आणि त्यात लोखंडाचा भुगा भरायचा. पाणी त्यातून आरपार जातं. लोखंड गंजू लागतं, गंजताना इलेक्ट्रॉन सोडतं, ते इलेक्ट्रॉन टेट्राक्लोरोएथिलीनला मिळतात आणि त्याचे क्लोरीनचे अणू सुटून पडतात. आपण ज्या गंजाला शिव्या घालतो तो इथं विष मोडतो! ना पंप, ना वीज. युरोपातली अशी पहिली भिंत १९९५ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या मंक्सटाउनला बसली. विषारी क्रोमियमही असंच लोखंडापाशी हार मानतं. ते नाहीसं होत नाही, कारण ते मूलद्रव्य आहे. पण त्याचं रूप बदलतं, ते पाण्यात विरघळेनासं होतं आणि जागच्या जागी बसतं. पारा, शिसं, क्रोमियम यांना मोडता येत नाही, फक्त हलवता किंवा जखडता येतं. टेट्राक्लोरोएथिलीन मोडता येतं. कुठलीही जागा साफ करायला घेताना पहिला प्रश्न असतो तो हाच: इथलं विष मोडणारं की न मोडणारं?

आणि मोडणाऱ्यांतला उस्ताद तर डोळ्यांना दिसतही नाही. खडवलीच्या भातखाचरात लावणीनंतर पाय रोवला की चिखलातून बुडबुडे येतात. वरचा थोडासा थर सोडला तर त्या चिखलात प्राणवायू नसतो. तरी तिथं जीव आहेत, अब्जावधी. श्वास घ्यायला ते दुसरं काहीतरी शोधतात: कुणी लोहाची संयुगं, कुणी गंधकाची, आणि काही जण मिथेन तयार करून सोडतात. तोच तो बुडबुडा. मग याच बिनहवेच्या जगात क्लोरीनवाल्या विषावर श्वास घेणारं कुणी असेल का?

आहे! १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी इथॅका शहराच्या सांडपाणी केंद्रातल्या गाळातून असा जिवाणू वेगळा केल्याचं जाहीर केलं. आपण प्राणवायू घेतो तसं तो टेट्राक्लोरोएथिलीन घेतो. त्याचे चारही क्लोरीन तो एकेक करून सोडवतो. शेवटी उरतो एथिलीन वायू. अढीत आंबे पिकताना जो वायू सुटतो आणि शेजारच्या आंब्यालाही पिकवतो, तोच हा एथिलीन. विषाचा शेवट असा! मात्र वाटेत, तीन क्लोरीन सुटून एकच उरलेला असताना, मूळ विषाहून घातक असा व्हिनाइल क्लोराइड तयार होतो. काम अर्ध्यावर थांबलं तर तो साचतो. म्हणून भूजलाची बाटली भरून आधी तपासतात की हा जिवाणू तिथं आहे का, पुरेसा आहे का. नसेल तर प्रयोगशाळेत वाढवलेला आणून जमिनीत सोडतात.

त्याला खाऊ काय घालतात, सांगा बरं? साखर कारखान्यातली मळी! मळी किंवा वनस्पती तेल बोअरमधून खाली सोडतात. इतर जिवाणू ती आंबवतात, उरलासुरला प्राणवायू संपवतात आणि हायड्रोजन सोडतात. तो हायड्रोजन म्हणजे आपल्या उस्तादाचं जेवण. सोलापूर-कोल्हापूरच्या वाचकाला मळी काय ते सांगायला नको. काम काही महिन्यांत संपत नाही, वर्षं लागतात. झाडं लावून जमीन शुद्ध करण्याबद्दल आपण जास्त ऐकतो, आणि जस्त शोषून पानांत साठवणाऱ्या वनस्पती युरोपात खरोखरच आहेत, पण मुळं पोचतील तेवढीच त्यांची धाव. कातळाच्या भेगेत उतरलेल्या द्रवापर्यंत जायला जिवाणूच हवा.

हे सगळं सुरू होतं कुणीतरी जागा नोंदवल्यावर. भारतात दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये आले. त्यानुसार जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि पुढच्या ९० दिवसांत सविस्तर. विष मर्यादेबाहेर निघालं तर ती जागा जाहीर करायची, तिथला वावर रोखायचा, जबाबदार कोण ते शोधायचं आणि सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. नियम आले तेव्हा देशभरात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि त्यातल्या फक्त सात ठिकाणी काम सुरू झालेलं होतं. युरोपात २८ लाख आणि आपल्याकडे १०३? आपली जमीन इतकी निर्मळ असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. युरोपीय संघानंही २०२५ मध्येच मातीचा कायदा केला आणि संशयित जागांची जाहीर यादी करायला सदस्य देशांना दहा वर्षं दिली. आपली यादी सहामाही आहे. ठाणे जिल्ह्याच्या यादीत वास येणारी बोअर, रंग बदललेली माती, बंद शेडमागं पडलेली पिंपं आली, तर नमुन्याची पहिली बाटली भरायला कुणीतरी तिथं येईल.