टाकीच्या तळाशी कोण बसलंय?

तुझ्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे ना? मग सांग बरं, या क्षणी तिच्यात पाणी किती आहे?

जिना चढायचा, झाकण उचलायचं, आत डोकवायचं... छे! कोण एवढे कष्ट घेणार? त्यापेक्षा एक गंमत ऐक. काही टाक्यांच्या तळाशी एक छोटासा पठ्ठ्या बसवलेला असतो. त्याला डोळे नाहीत. पाणी कुठवर आलंय, ते त्याला दिसतच नाही. तरी बसल्या जागी तो सांगतो, "दीड मीटर पाणी आहे!"

कसं काय?

दहीहंडी पाहिली आहेस ना? सगळ्यात खालच्या थरातला गोविंदा मान खाली घालून उभा असतो. वर कोण चढलं, त्याला काय दिसणार? पण खांद्यांना कळतं! एक थर चढला, खांदे दबले. दुसरा चढला, आणखी दबले!

आपला पठ्ठ्याही तसाच. त्याच्या अंगावर पाण्याचे थर असतात. पाणी जितकं उंच, तितका दाब जास्त. तो मोजतो फक्त दाब, आणि त्यावरून पाण्याची उंची कळते. त्याचं नाव प्रेशर सेन्सर. आपण मात्र पठ्ठ्याच म्हणू!

दाब म्हणजे किती? एक सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद, म्हणजे नखाएवढी जागा घे. तिच्यावर 1 मीटर उंच पाणी उभं केलं, की भार पडतो 100 ग्रॅम. 2 मीटर पाणी? 200 ग्रॅम! सोप्पं आहे की नाही?

आता जरा जवळ ये. खरी गंमत पुढेच आहे!

समज, एक बारीक नळी आहे, 2 मीटर उंच, पाण्याने भरलेली. आणि एक पोहण्याचा तलाव आहे, 2 मीटर खोल. दोन्हींच्या तळाशी एकेक पठ्ठ्या बसवला. जास्त दाब कुणावर?

"तलावातल्या!" हेच आलं ना तोंडात? चूक! दोघांवर अगदी सारखा! नळीत बादलीभरही पाणी नाही, तलावात हजारो बादल्या. तरी सारखाच!

चल, पुन्हा गोविंदाकडे. त्याच्या शेजारी पाच जण असोत की पन्नास, त्याच्या खांद्यावर भार येतो तो त्याच्यावर चढलेल्यांचाच. शेजाऱ्यांचा भार शेजारी बघून घेतील! म्हणून टाकी लठ्ठ असो की किडकिडीत, पठ्ठ्याला काही फरक पडत नाही. त्याला कळते ती फक्त उंची.

ही अजब गोष्ट सायमन स्टेव्हिनने 1586 साली पुस्तकात मांडली. त्याचा जन्म ब्रुज शहरातला. ते आज बेल्जियममध्ये आहे. भारी माणूस! त्याने वाऱ्यावर पळणारी शिडाची गाडी बनवली होती, चाकांची! तीही समुद्रात नाही, किनाऱ्यावरच्या वाळूत धावणारी!

पण पठ्ठ्या फसतो बरं का! टाकीत पाण्याऐवजी गोडंतेल भरलं तर? तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते हलकं. नखाएवढ्या जागेवर 1 मीटर तेलाचा भार साधारण 92 ग्रॅमच. पठ्ठ्या म्हणेल, "92 सेंटिमीटर पाणी!" म्हणून टाकीत काय भरणार, ते त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

असा पठ्ठ्या कदाचित तुझ्या घरातही असेल. ओळख कुठे? वॉशिंग मशीनमध्ये! अनेक मशीनमध्ये टबाच्या तळापासून एक बारीक नळी वर जाते. टबात पाणी चढलं की नळीतली हवा कोंडते आणि दबते. ती वरच्या टोकाच्या पातळ पडद्याला ढकलते. टक्! मशीनला कळतं, पाणी पुरे!

तुलाही पठ्ठ्या होता येईल! एक स्वच्छ, लांब नळी घे आणि बादलीभर पाणी. नळीचं टोक पाण्यात जरासंच बुडवून फुंक. बुडबुडे लगेच येतील. आता टोक थेट तळाशी ने आणि फुंक. गाल फुगले ना? खोल गेलं की जास्त जोर लागतो! (फक्त फुंकायचं हं, ओढायचं नाही!)

मोठी माणसं हाच खेळ सांडपाण्याच्या टाकीवर खेळतात. ईऽऽ! त्या घाणीत कोण उतरणार? म्हणून नुसती एक नळी आत सोडतात आणि यंत्राने हळूहळू हवा फुंकतात. बुडबुडे यायला हवेचा किती जोर लागला, ते मोजलं की पातळी कळली. पठ्ठ्या मात्र वर, कोरडा ठणठणीत!