उतरवून घेतलेली फाइल जाते कुठे?

(द्वितीय वर्ष, कला)

‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली असेल, त्याच्याजवळ मोबाइल खासच नव्हता. तरीही आज आपल्या महाविद्यालयाला ती जितकी लागू पडते, तितकी पूर्वी क्वचितच कुणाला पडली असेल. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे दिवस आले की कार्यालयाच्या खिडकीपाशी क्षणभर उभे राहून ऐकावे. ‘सर, उत्पन्नाचा दाखला कालच नेटवरून काढला होता, पण आता सापडत नाही.’ ‘मॅडम, हॉल तिकीट डाउनलोड झाले असे लिहून आले होते, पण गेले कुठे ते कळेना.’ कागद हातातल्याच यंत्रात असतो आणि विद्यार्थी मात्र तोच कागद आणण्यासाठी पुन्हा संकेतस्थळाच्या दारात जाऊन उभा राहतो.

त्या दारात तरी गर्दी काय थोडी असते? अखेरच्या तारखेला संकेतस्थळ उघडत नाही, उघडले तर ओटीपी येत नाही, आणि नेट कॅफेवाला दुसऱ्यांदा पैसे मागतो ते वेगळेच. वेळेवर न सापडलेल्या एका कागदापायी वर्षाची शिष्यवृत्ती अडकू शकते. म्हणून ब्राउझरमधून उतरवून घेतलेली फाइल नेमकी कुठे जाते, ती कशी शोधावी आणि कशी जपावी, एवढ्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. संगणकाचे शिक्षण घेतलेल्यांना यात नवे काही आढळणार नाही. त्यांनी उदार मनाने पान उलटावे. परंतु माझ्याप्रमाणे ज्यांच्या घरातून महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली गेली आणि असल्या गोष्टी ज्यांना घरी विचारता येत नाहीत, त्यांच्यासाठी हा खटाटोप आहे.

उतरवणे म्हणजे काय?

डाउनलोड करण्याला आपण मराठीत ‘उतरवून घेणे’ म्हणतो. हा शब्द मोठा बोलका आहे. शाळेत असताना फळ्यावरचा मजकूर आपण वहीत उतरवून घेत असू. त्यामुळे फळ्यावरचा मजकूर नाहीसा होत नसे. त्याची एक प्रत आपल्याजवळ येई. मग गुरुजींनी फळा पुसला तरी आपले काही अडत नसे. डाउनलोडचेही असेच आहे. दूरच्या संगणकावर, ज्याला सर्व्हर म्हणतात, मूळ फाइल असते. ब्राउझर तिची एक प्रत आपल्या यंत्रात आणून ठेवतो. त्यानंतर ते संकेतस्थळ बंद पडो की नेट जावो, आपली प्रत आपल्याजवळ राहते.

एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइल कशी न्यावी याचे एफटीपी या नावाने प्रसिद्ध झालेले नियम १९७१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लिहिले गेले. ते लिहिणारे अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर, हे ऐकून पुष्कळांना आनंद होईल. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या द्वारे. सुरुवातीच्या त्या काळात विंडोजमध्ये उतरवलेल्या फाइलींसाठी ठरलेली जागा नव्हती. कुणाची फाइल पडद्यावरच पडून राही, कुणाची भलत्याच कप्प्यात जाई. ‘डाउनलोड्स’ हा स्वतंत्र कप्पा विंडोजला मिळाला तो २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टा या आवृत्तीपासून. आज विंडोजचा संगणक असो वा अँड्रॉइड मोबाइल, आपण वेगळे काही सांगितले नसेल तर ब्राउझर फाइल याच नावाच्या कप्प्यात ठेवतो. ही पहिली खूणगाठ मनाशी बांधावी.

दिसली म्हणजे उतरली नव्हे

पुष्कळदा घोटाळा होतो तो फाइल उतरण्याच्या आधीच. दाखल्यावर बोट ठेवले की तो ब्राउझरच्या खिडकीतच उघडतो. आपण तो डोळे भरून पाहतो आणि समाधानाने खिडकी बंद करतो. परंतु हे केवळ दर्शन झाले, प्राप्ती नव्हे. पीडीएफ फाइल नुसती दाखवायची की थेट उतरवायची, हे काही वेळा संकेतस्थळ ठरवते, तर काही वेळा आपल्या ब्राउझरची मांडणी ठरवते. नुसती दाखवली असेल तर वरच्या बाजूला, खाली टोक असलेल्या बाणाचे चिन्ह असते; ते दाबल्याशिवाय प्रत आपल्याकडे येत नाही.

खात्री करण्याची एक सोपी कसोटी आहे. मोबाइलचे नेट बंद करावे, ब्राउझर मिटवावा आणि फाइल पाहण्याच्या अ‍ॅपमधून तो कागद उघडून पाहावा. उघडला तर तो आपला झाला. काहीजण पडद्याचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून ठेवतात. त्यात कागदाचे रूप येते, पण मूळ फाइल येत नाही. अलीकडे पुष्कळ दाखले व सातबारा डिजिटल स्वाक्षरीने मिळतात. ती स्वाक्षरी फाइलमध्येच गुंफलेली असते आणि फाइलमध्ये फेरफार झाला तर ती पडताळणीत टिकत नाही. छायाचित्रात ती येतच नाही. म्हणून मूळ पीडीएफच जपून ठेवावी.

नोंद निराळी, वस्तू निराळी

आता या लेखातील मुख्य मुद्द्याकडे वळते. प्रत्येक ब्राउझर आपण उतरवलेल्या फाइलींची एक यादी ठेवतो. मोबाइलवरील क्रोममध्ये वर उजवीकडील तीन टिंबे दाबून ‘डाउनलोड’ निवडले की ती दिसते. विंडोजच्या संगणकावर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स उघडून कंट्रोल आणि जे ही दोन बटणे एकत्र दाबावीत.

ही यादी आणि प्रत्यक्ष फाइल यांत जो फरक आहे तो शेतकऱ्याच्या घरी फार फोड करून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावर नाव असणे ही एक गोष्ट आणि रान प्रत्यक्ष कुठल्या बांधापासून कुठल्या बांधापर्यंत आहे हे ठाऊक असणे ही दुसरी. ब्राउझरची यादी म्हणजे सातबारा. फाइल दुसऱ्या कप्प्यात हलवली तर संगणकावरील यादीला त्याचा पत्ता नसतो. ती जुनीच नोंद दाखवत राहते आणि त्या नोंदीवरून फाइल उघडत नाही. त्यावरून ‘फाइल गेली’ असे समजून पुष्कळजण हवालदिल होतात. उलटपक्षी, संगणकावर यादी कोरी केली तरी फाइल जागच्या जागी असते. मोबाइलवरील क्रोमच्या यादीत मात्र सावध राहावे. तेथे ‘हटवा’ म्हटले की नोंदीबरोबर फाइलही जाते.

यादीचा खरा उपयोग माग काढण्यासाठी करावा. संगणकावर नोंदीशेजारी ‘फोल्डरमध्ये दाखवा’ अशा अर्थाचे चिन्ह असते. ते दाबले की ज्या कप्प्यात फाइल आहे तो कप्पाच आपल्यापुढे उघडतो. एकदा तो कप्पा पाहून ठेवला की पुढच्या वेळी ब्राउझरला विचारण्याची गरज उरत नाही.

शोध कसा घ्यावा?

मोबाइलमध्ये ‘फाइल्स’, ‘माय फाइल्स’ किंवा ‘फाइल मॅनेजर’ अशा नावाचे एक अ‍ॅप असते. ते उघडून ‘डाउनलोड’ या कप्प्यात जावे व तारखेप्रमाणे क्रम लावावा, म्हणजे नुकतीच आलेली फाइल सर्वांत वर येते. नावावरून शोधू गेल्यास बहुधा निराशा पदरी येते, कारण फाइलचे नाव संकेतस्थळाने ठेवलेले असते आणि ते पुष्कळदा आकड्यांची लांबलचक माळ असते. तारीख मात्र आपल्याला आठवते.

या कप्प्यात तीन प्रकारच्या गोष्टी गोंधळ घालतात. पहिली म्हणजे जुळी भावंडे. तीच फाइल पुन्हा उतरवली की ब्राउझर जुनीवर घाला घालत नाही. नव्या फाइलच्या नावापुढे कंसात १, मग २ असे आकडे लावतो. अशा वेळी सर्वांत नवी कोणती ते तारखेवरून पाहावे. दुसरी म्हणजे अर्धवट फाइली. नेट मध्येच तुटले तर संगणकावर क्रोमची फाइल ‘सीआरडाउनलोड’ आणि फायरफॉक्सची ‘पार्ट’ असे शेपूट घेऊन पडून राहते. तिचे नाव बदलून ती उघडत नाही. तिसरी गोष्ट धोक्याची आहे. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर तो कागद नसून मोबाइलवर बसवायचा प्रोग्रॅम असतो. लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती असल्याचे भासवून अशा फाइली पाठवल्या जातात आणि त्या बसवणाऱ्यांची फसवणूक होते. पत्रिका कधी एपीके नसते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आपणच सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कागद ब्राउझरच्या कप्प्यात शोधू नये. व्हॉट्सअ‍ॅपचे घर वेगळे आहे. तेथील कागद ‘व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्स’ या त्याच्या स्वतःच्या कप्प्यात असतात. वर्गमित्राने पाठवलेल्या टिपणांसाठी ‘डाउनलोड’ पालथे घालणे व्यर्थ होय.

पेटीची शिस्त

आमच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. तीत खातेपुस्तिका, रेशनकार्ड, आजोबांच्या नावाच्या जुन्या पावत्या असे सर्व काही कापडात बांधून ठेवलेले आहे. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, तरी कोणता कागद कोणत्या पुरचुंडीत आहे हे ती अंधारातही सांगते. कारण कागद घरात आला की तो कुठे जायचा हे ठरलेले असते. आपल्या मोबाइलमध्ये ही शिस्त का नसावी?

फाइल उतरली की दोन कामे त्याच क्षणी करावीत. पहिले, तिला आपल्या भाषेत नाव द्यावे. ‘उत्पन्न दाखला’, त्यापुढे वर्ष आणि स्वतःचे नाव. दुसरे, तिला तिच्या कप्प्यात हलवावे. दाखले, परीक्षा, शिष्यवृत्ती, अभ्यास असे चार कप्पे पुरेसे होतात. ‘डाउनलोड’ हा कप्पा म्हणजे घराची ओसरी आहे. आलेले सामान तेथे उतरावे, पण कायमचे तेथेच राहू नये. ज्यांना हे मागाहून करण्याचा कंटाळा येईल त्यांनी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, फाइल कुठे साठवायची ते प्रत्येक वेळी विचारावे, असा पर्याय चालू करावा.

मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो, धाकट्या भावाच्या हाती लागतो. यासाठी महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत अन्यत्र असावी. स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवणे हा सर्वांत साधा उपाय आहे. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्येही अनेक दाखले थेट मिळतात आणि स्वतःचे कागद ठेवताही येतात.

परक्याच्या यंत्रावर

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्यापैकी पुष्कळजण अर्ज भरण्यासाठी तालुक्याच्या गावी दुकानात जातात. अशाच एका दुकानात मी ‘डाउनलोड्स’ कप्पा उघडलेला पाहिला. शेकडो फाइली होत्या. आधार कार्डे, जातीचे दाखले, बँकेच्या पुस्तकांची पहिली पाने. कित्येक फाइलींना माणसांची नावे दिलेली होती आणि त्यांतली काही आडनावे माझ्या ओळखीच्या गावांची होती. एकही फाइल न उघडता एवढे कळत होते. मी विचारले तेव्हा दुकानदार सहज म्हणाला, ‘ताई, रोज एवढी माणसं येतात. कोण पुसत बसणार?’ त्याच्या मनात कपट नव्हते. पण त्या खुर्चीवर पुढे बसणाऱ्या प्रत्येकाची ग्वाही कोण देणार?

उतरवलेली प्रत ज्या यंत्रावर उतरवली त्याच यंत्रावर राहते, हे मघाशी सांगितलेच आहे. आपण मुद्रित कागद घेऊन घरी येतो. फाइल दुकानातच मुक्काम करते. गुप्त खिडकी, म्हणजे इनकॉग्निटो, वापरली तरी यात फरक पडत नाही. ती खिडकी आपण पाहिलेल्या पानांची यादी ठेवत नाही, पण उतरवलेली फाइल तशीच राहते. म्हणून काम झाल्यावर फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवावी, मग ती निवडून शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबावीत. नुसते डिलीट दाबल्यास ती रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते आणि कोणीही तिला परत काढू शकतो. शेवटी ईमेलमधून बाहेर पडण्यास विसरू नये. दुकानदाराला याचा राग येत नाही. ‘दादा, माझी फाइल काढून टाकते’ एवढे म्हटले की पुरे.

असो. विषय किरकोळ वाटेल, परंतु कागद मिळवण्यासाठी आपल्या आईवडिलांनी कचेऱ्यांत किती हेलपाटे घातले हे आपण जाणतो. आज तोच कागद घरबसल्या मिळतो. तो मिळाल्यावर हरवावा किंवा दुसऱ्याच्या यंत्रावर उघडा पडून राहावा, ही गोष्ट आपल्याला शोभणारी नाही. येत्या जुलैमध्ये प्रथम वर्षाचे विद्यार्थी अर्ज घेऊन खिडकीपाशी येतील. द्वितीय आणि तृतीय वर्षाच्या प्रत्येकाने त्यांतील एकाजवळ दहा मिनिटे बसून त्याच्या मोबाइलमधला ‘डाउनलोड’ हा कप्पा त्याच्याच हाताने उघडून घ्यावा. प्राध्यापकांनी ग्रंथालयातील संगणकावर यासाठी एक दुपार राखून दिली तर कार्यालयातील मंडळीही आपल्याला दुवा देतील.