डोंगर, वनचर आणि साडेचार कोटी बिंदु

छायाचित्रणाचा छंद घरांत शिरला कीं एक दिवस असा उगवतोच, कीं मुलगा, नात किंवा स्वतः गृहस्थच मोठ्या किंमतीच्या कॅमेऱ्याची गोष्ट काढतात. विक्रेता पिक्सेलांचा आकडा सांगतो, आणि ऐकणारा दिपून जातो. हा आकडा म्हणजे काय, तो केव्हां उपयोगीं पडतो आणि केव्हां नुसता भार होतो, याचा आज थोडा विचार करूं. उदाहरणादाखल २०१७ सालीं निघालेला निकॉन कंपनीचा डी ८५० हा कॅमेरा घेऊं. कारण निसर्गदृश्यें आणि वन्य प्राणी या दोन्ही कामांत त्यानें नांव मिळविलें आहे.

प्रथम ‘फुल फ्रेम’ हा शब्द पाहूं. १९२५ सालीं जर्मनींत लायका कॅमेरा विक्रीस आला. त्याच्या फिल्मवर एका चित्राची चौकट ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असे, आणि पुढें तेंच माप रूढ झालें. फिल्मच्या जागीं आतां प्रकाश टिपणारा सेन्सर आला आहे. त्याचें माप जवळजवळ तेवढेंच असलें म्हणजे तो कॅमेरा फुल फ्रेम म्हणावयाचा. डी ८५० च्या चित्रांत ८२५६ स्तंभ आणि ५५०४ ओळी असतात. म्हणजे साडेचार कोटींहून अधिक बिंदु झाले.

परंतु येथें शाळेंतलें गणित विसरूं नये. आलेखाच्या कागदावर चित्रांतील बारकावा दुप्पट करावयाचा, तर चौकोन चौपट लागतात. म्हणून सव्वा कोटी बिंदूंच्या जुन्या कॅमेऱ्याच्या मानानें या कॅमेऱ्याचा बारकावा चौपट नव्हे, दुपटीच्या आंतच भरतो. इंचाला ३०० बिंदु धरले, तर या कॅमेऱ्याचें चित्र सुमारे साडेसत्तावीस इंच लांब छापतां येतें. अल्बमांतील बारा इंच बाय आठ इंचांच्या चित्रास मात्र ८६ लक्ष बिंदु पुरतात. ज्याचीं चित्रें मोबाइलच्या पडद्यापलीकडे जाणार नाहींत, त्यानें हा खर्च कशासाठीं करावा?

आतां डोंगराकडे वळूं. पहांटे सह्याद्रीच्या कड्यावर आकाश उजळतें, पण खालची दरी काळोखांतच असते. या कॅमेऱ्याची मूळ संवेदनक्षमता आय. एस. ओ. ६४ इतकी कमी आहे. त्यामुळें सेन्सर पुष्कळ प्रकाश सामावून घेतो, आणि दरींतील झाडी मागाहून उजळली तरी चित्र खरखरीत दिसत नाहीं. हा त्याचा खरा गुण होय. मात्र तो पदरीं पडण्यास भक्कम तिपाई हवी. शिवाय जवळचें व दूरचें सर्वच स्पष्ट यावें म्हणून भिंगाचें छिद्र एफ १६ इतकें लहान केलें, तर प्रकाश छिद्राच्या कडेशीं पसरतो व बारकावा पुसट होतो. अशा वेळीं कोट्यवधि बिंदु असून नसल्यासारखे होतात. एफ ८ च्या आसपास राहणें बरें.

वनचरांची गोष्ट निराळी. भिगवणच्या जलाशयांत हिंवाळ्यांत रोहित पक्षी येतात. नाव जवळ नेली कीं ते चरणें सोडून उडतात. चांगलें चित्र मिळविण्याच्या हौसेनें पक्ष्याची भूक मोडणें, किंवा घरट्यावरून त्याला उठविणें, हें छायाचित्रण नव्हे, उपद्रव आहे. अधिक बिंदूंचें खरें मोल मला येथें दिसतें. चित्राचा मधला भाग कापून घेतला तरी १ कोटी ९४ लक्ष बिंदु शिल्लक राहतात, आणि ५०० मिलिमीटरचें भिंग ७५० मिलिमीटरच्या भिंगाइतकें जवळचें दृश्य देतें. म्हणजे माणसाला दूर राहतां येतें. पण दुपारच्या उन्हांत पाण्यावरची हवा थरथरत असली, तर कितीही बिंदु असोत, पिसें पुसटच येणार.

कांहीं अडचणीही सांगितल्या पाहिजेत. बिंदु बारीक असल्यामुळें हाताचा किंचित् कंपही चित्रांत उमटतो. म्हणून जेथें पूर्वी सेकंदाचा पांचशेंवा भाग पुरे, तेथें आतां हजारावा भाग धरावा. कॅमेरा एक किलो भरतो आणि २०० ते ५०० मिलिमीटरचें भिंग सव्वादोन किलोंहून अधिक. ताडोबाच्या जीपगाडींत तिपाई मांडतां येत नाहीं. धान्यानें भरलेली पिशवी कठड्यावर ठेवून तीवर भिंग टेंकवावें. हा कॅमेरा सेकंदाला सात चित्रें घेतो आणि एकेक कच्चें चित्र सुमारे पन्नास मेगाबाइटचें असतें. हजार चित्रांस पन्नास गिगाबाइट जागा लागते. तिचा खर्च किंमतीच्या पत्रकांत छापलेला नसतो.

तेव्हां निर्णय कसा करावा? कॅमेरा दोन दिवस भाड्यानें आणावा, आपल्याच भिंगानें चित्रें घ्यावींत आणि त्यांतील एक मोठें छापून भिंतीवर लावावें. त्यांत जुन्या कॅमेऱ्याहून फरक दिसला, तर तो अवश्य घ्यावा. न दिसला, तर तेच पैसे चांगल्या भिंगावर व तिपाईवर खर्चावे. आणि कॅमेरा कोणताही असो, पक्ष्यानें मान वर करून आपल्याकडे पाहिलें, कीं पाऊल तेथेंच थांबवावें.