पांढऱ्या पट्टीची दोन टोके

सेसना १७२ हे जगात सर्वाधिक संख्येने तयार झालेले विमान. १९५५ साली ते पहिल्यांदा उडाले आणि आजवर अशी ४४ हजारांहून अधिक विमाने बनली. त्याच्या वेगमापकावर एक पांढरी पट्टी असते. अलीकडच्या १७२ एस विमानात ती ४० नॉटला सुरू होते आणि ८५ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे १५७ किलोमीटरला, संपते. पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप पूर्ण उतरवायचे तर वेग ८५ च्या आत हवा. फक्त १० अंशांपर्यंत उतरवायचे असल्यास ११० नॉटपर्यंत मुभा असते. पंखांचे नुकसान होऊ नये म्हणून घातलेली मर्यादा, असा याचा अर्थ लावला जातो. तो बरोबर असला तरी अपुरा आहे. फ्लॅप हलले की विमानाचे नाकही वरखाली होते, आणि ते सावरण्याची खरी कसोटी पट्टीच्या वरच्या टोकाला नव्हे, खालच्या टोकाला लागते.

आधी वरचे टोक. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८५ नॉटवरून ११० वर गेल्यास वेग २९ टक्क्यांनी वाढतो, दाब मात्र ६७ टक्क्यांनी. हा भार फ्लॅपवर, त्याच्या बिजागऱ्यांवर आणि त्याला हलवणाऱ्या दांड्यांवर येतो. शिवाय फ्लॅप वर असताना हे विमान वजनाच्या ३.८ पट भार सोसेल असे बांधलेले असते. फ्लॅप उतरवल्यावर ही मर्यादा ३ पटींवर येते. यावर कोणी म्हणेल की अभियंते दीडपट ताकद राखून ठेवतातच, मग दहा-पंधरा नॉट जास्त झाले तर काय बिघडले? पण एखादा भाग ८५ नॉटच्या भारासाठीच बेतलेला असेल, तर वर्गाच्या हिशेबाने ही सगळी दीडपट १०४ नॉटलाच संपते. शिवाय ती राखीव ताकद वाऱ्याचे झोत, धातूची झीज आणि जुळणीतल्या उणिवा यांच्यासाठी असते. वैमानिकाच्या घाईसाठी नसते.

आता नाकाचा प्रश्न. फ्लॅप उतरल्याने पंखाचा बाक वाढतो आणि पंख स्वतः नाक खाली ढकलू पाहतो. त्याच वेळी पंखामागची हवा अधिक उतारावर वाहू लागते, शेपटीच्या आडव्या पंखांना खाली दाबते आणि नाक वर उचलते. सेसनाचा पंख केबिनच्या वर असल्यामुळे फ्लॅपचा अवरोधही विमानाच्या गुरुत्वमध्याच्या वरून मागे ओढतो आणि नाक आणखी वर जाते. म्हणून या विमानात फ्लॅप उतरवताना वैमानिकाला हातातला नियंत्रण-दांडा पुढे रेटावा लागतो. पंख खाली असलेल्या विमानात हा अवरोध उलट दिशेने काम करतो, त्यामुळे एका विमानावर हाताला लागलेली सवय दुसऱ्यावर तशीच चालेल असे नाही.

सर्वांत कठीण क्षण येतो तो पट्टीच्या खालच्या टोकाजवळ, उतरणे रद्द करून पुन्हा वर जाताना. फ्लॅप पूर्ण खाली, वेग कमी आणि ट्रिम, म्हणजे दांड्यावरचा जोर हलका करणारी रचना, संथ उतरणीसाठी नाक वर धरेल असे लावलेले. अशात पूर्ण शक्ती दिली की पंख्याचा झोत शेपटीवर आदळतो, नाक झपाट्याने वर जाते आणि दांडा जोराने पुढे रेटला नाही तर वेग स्टॉलपर्यंत, म्हणजे पंखांची उचल कोसळते तिथपर्यंत, घसरतो. घाबरून फ्लॅप एकदम वर घेतले तर उचल कमी होऊन विमान खाली बसते. म्हणून १७२ एसच्या पुस्तिकेतली पद्धत टप्प्याटप्प्याची आहे: आधी फ्लॅप २० अंशांवर, मग १० वर, आणि पुरेसा वेग मिळाल्यावरच पूर्ण वर.

मग फ्लॅप वापरूच नयेत का? फ्लॅपशिवाय हे विमान ४८ नॉटला स्टॉल होते, पूर्ण फ्लॅपसह ४० नॉटला. स्टॉलच्या वेगांची तुलना केली तर फ्लॅपशिवायची गतिज ऊर्जा ४४ टक्के जास्त भरते, आणि ती धावपट्टीवर ब्रेकना जिरवावी लागते. आखूड धावपट्टीवर हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून फ्लॅप टाळणे हा उपाय नव्हे. वेगमर्यादा मापकावर रंगवता येते, नाकाचा कल तसा रंगवता येत नाही; तो हातालाच कळावा लागतो. तेव्हा फ्लॅप, दांडा आणि ट्रिम ही तीन कामे सुटी न शिकवता एकच हालचाल म्हणून शिकवायला हवीत, आणि उतरणे रद्द करण्याचा सराव उतरण्याच्या सरावाइतकाच नेमाने व्हायला हवा.