हिमालयातलं 'सोपं' शिखर : आपल्या लेकींनी चढावं का?

 

आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, ह्यांचं काहीतरीच! कापूस वेचायच्या दिवसांत हिमालय कुठून आला? तर तो आला आमच्या एका बचत गटाच्या बैठकीतून. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एक ताई हळूच म्हणाल्या, "माझी पोरगी कॉलेजात एनसीसीत आहे. तिला मनालीकडं बर्फाचं शिखर चढायला जायचंय. तिचे वडील नको म्हणतात. गटाचं कर्ज मिळंल का?"

बैठकीत दोन तट पडले. कुणी म्हणालं, जाऊ द्या पोरीला. कुणी म्हणालं, हातपाय मोडून आली तर लग्न कोण करील? खरं सांगायचं तर आम्हालाही उत्तर माहीत नव्हतं. म्हणून आम्ही माहिती काढली. ती आज तुमच्यापुढं मांडतो.

त्या मुलीनं नाव घेतलं होतं फ्रेंडशिप शिखराचं. हे शिखर हिमाचल प्रदेशात, मनालीजवळच्या सोलंग खोऱ्याच्या वर आहे. उंची ५२८९ मीटर. आपलं जालना समुद्रापासून साधारण पाचशे मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर म्हणजे अकोले तालुक्यातलं कळसूबाई, ते १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई, त्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी फ्रेंडशिप थोडं वरच राहतं.

मग याला सोपं का म्हणतात? कारण इथं उभ्या कड्यावर लोंबकळत चढावं लागत नाही. मनालीहून सोलंग, पुढं धुंदी, मग बकरथाच नावाचं कुरण, त्याच्यावर तळाचा मुक्काम आणि तिथून शिखर, अशी वाट आहे. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे दिवस. पण सोपं म्हणजे एव्हरेस्टच्या मानानं सोपं. बर्फाचा चढ आहेच. बुटाला लोखंडी काटे बांधावे लागतात, हातात बर्फाची कुऱ्हाड लागते, कमरेला दोर लागतो. बर्फाखाली भेगा असतात. अशा 'सोप्या' शिखरांवरही माणसं दगावली आहेत, हे लेकीला आणि तिच्या वडिलांना, दोघांनाही माहीत असावं.

आता मुख्य गोष्ट, हवा. दाबून बांधलेली कापसाची गाठ आणि सैल भरलेलं पोतं यांत काय फरक असतो, ते तुम्हाला सांगायला नको. जालन्याची हवा दाबलेल्या गाठीसारखी असते. वर जावं तशी ती सैल होत जाते. फ्रेंडशिपच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्माच असतो. म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तिथं निम्माच. म्हणून चार पावलं टाकली तरी धाप लागते.

शरीर हे शिकून घेतं, पण त्याला वेळ लागतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा नियम सांगतात. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही, ही पहिली खूण. तेव्हा आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी दम लागला, छातीत घरघर झाली, चालताना झोक जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागलं, तर एकच उपाय, ताबडतोब खाली उतरवायचं. रात्र असली तरी. सकाळपर्यंत बघू म्हणण्यात जीव जातो.

शिखराच्या दिवशी रात्री एक-दोनच्या सुमारास निघतात. रात्री बर्फ गोठून घट्ट असतं, काटे नीट रुततात. ऊन चढलं की बर्फ मऊ होतं, पाय मांडीपर्यंत खचतो, वरून दगड आणि बर्फाचे लोट सुटतात. म्हणून परत फिरायची वेळ आधीच ठरवलेली असते. त्या वेळेला शिखर हाताच्या अंतरावर दिसलं तरी मागं वळायचं.

मागं वळणं म्हणजे हार नव्हे. आपल्या मराठवाड्याच्या मनीषा वाघमारे यांना २०१७ साली एव्हरेस्टचा माथा जवळ आलेला असताना खराब हवामानामुळं परतावं लागलं. पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, त्या माथ्यावर पोचल्या. आदल्या वर्षी हट्ट केला असता, तर दुसरं वर्ष आलं असतं का, याचा विचार करा.

आता बायकांचे प्रश्न. पाळी आली तर? पाळीत चढता येतं. त्रास जास्त होत असेल तर सोबतच्या बाईला आणि प्रमुखाला सांगायचं, लपवायचं नाही. वापरलेले पॅड पिशवीत बांधून खाली आणायचे. पाणी कमी प्यायचं नाही. लघवीला जायची अडचण नको म्हणून आपल्या बायका पाणीच पीत नाहीत, आणि उंचावर तेच जास्त बाधतं. दिवस गेलेले असतील तर मात्र हा बेत पुढं ढकलायचा. कपडे सुती नकोत. सुती कापड घामानं भिजलं की वाळत नाही आणि अंग गार पडतं. डोळ्यांना काळा चष्मा हवाच, नाहीतर बर्फावरच्या उजेडानं डोळे भाजतात.

शिकायचं कुठं? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हे शिकवते. एव्हरेस्टवर पोचलेल्या पहिल्या भारतीय बाई, बचेंद्री पाल, तिथंच शिकल्या. मनालीतही अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची सरकारी संस्था आहे. पहिला कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. त्याला वयाची अट आणि डॉक्टरचा दाखला लागतो. एनसीसीच्या मुलींनाही अशा कोर्सची संधी मिळते, कॉलेजात चौकशी करा. जायला आपल्या जालन्यावरून सचखंड एक्सप्रेस थेट अंबाल्याला जाते, पुढं बस.

आता त्या मुलीचं काय झालं ते सांगतो. दाखल्यासाठी तिची तपासणी केली, तर रक्त नऊ निघालं. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन किमान बारा हवं. प्राणवायू अंगभर वाहून नेतं ते हे रक्तच. हवेत प्राणवायू निम्मा आणि तो वाहणारी बैलगाडीही अर्धी रिकामी, मग चढणार कशी? डॉक्टरांनी यंदा नको म्हणून सांगितलं. पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

त्या दिवशी गटातल्या बाकीच्या बायकांनीही रक्त तपासून घेतलं. कितीजणींचं कमी निघालं ते आम्ही इथं सांगत नाही, पण घरी जाताना कुणी फारसं बोललं नाही. ज्यांना हिमालयात जायचं नव्हतं, त्याही रोज अर्ध्या गाडीनंच चढ चढत होत्या. शेतात, विहिरीवर, चुलीपुढं.

कर्जाचं असं ठरलं : शिखरासाठी कर्ज नाही. कारण ते हप्त्यानं फेडायला शिखर काही दूध देत नाही. पण आई दरमहा वेगळी बचत टाकते, आणि मुलीचे वडील आता "नको" ऐवजी "आधी रक्त वाढव" म्हणतात. मुलगी लोहाच्या गोळ्या घेते, चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर. पाठीवर ओझं घेऊन ती अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या पायऱ्या चढते-उतरते. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी गेली. ह्या थंडीत ती कळसूबाई चढणार आहे, आणि गटातल्या पाच बायका तिच्यासोबत निघाल्या आहेत. तिथं लोखंडी शिड्या आहेत. नवरात्रात आसपासच्या गावच्या बायका नऊवारीत चढतात. लोक सांगतात, कळसूबाई ही घरकामाला राहिलेली मुलगी होती. ठरलेल्यापेक्षा वेगळं काम सांगितलं म्हणून ती डोंगरावर निघून गेली. तिच्या दारी आपल्या लेकीला न्यायला काय हरकत आहे?

तुमची लेक असं काही मागायला आली, तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. चार प्रश्न विचारा : शिकवणार कोण? सोबत कोण? परत फिरायची वेळ कोणती? आणि तुझं रक्त किती?

शेवटचा प्रश्न तिला विचारण्याआधी स्वतःला विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपला आकडा वहीत लिहून आणावा, हप्त्याच्या आकड्याशेजारी.

नमस्कार.